आधी अंगाने, मग कानाने: खेळकर मांडणशिल्पं आणि इलेक्ट्रॉनिक संगीताशी ओळख करून घेताना

कलादालनात शिरलं की आपले हात आपोआप पाठीमागे जातात आणि आवाज खाली येतो. लहानपणापासून अंगात मुरलेली ही शिस्त चित्रांसमोर योग्यच आहे. पण २००६ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात कार्स्टन हॉलर यांनी पाच घसरगुंड्या उभ्या केल्या होत्या, त्यातली सगळ्यात उंच थेट पाचव्या मजल्यावरून निघायची. हात बांधून न्याहाळणाऱ्याला तिथे चकचकीत नळ्या दिसल्या. घसरून खाली आलेल्याला पोटात पडलेला खड्डा, वेग आणि अनोळखी लोकांसमोर फुटलेलं हसू मिळालं. कलाकृती ती होती.

या प्रकाराला मराठीत मांडणशिल्प म्हणतात: ज्यात जागा हीच कलाकृती असते आणि बघणारा तिच्या आत असतो. इलेक्ट्रॉनिक संगीताशी त्याचं नातं लोकांना लांबचं वाटतं. मला ते सख्खं वाटतं. इलेक्ट्रॉनिक संगीत ज्यांना कोरडं, यांत्रिक, 'नुसतं धाड धाड' वाटतं, त्यांना मी कधीच हेडफोन देऊन बसवत नाही. त्यांना आधी एखाद्या खेळकर खोलीत पाठवते. तिथे आवाज, प्रकाश आणि हालचाल यांचा संबंध अंगाला कळतो, आणि अंगाला कळलेलं कानाला पटायला वेळ लागत नाही. म्हणून या लेखातल्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

पायरी पहिली: एकच जागा निवडा

सुरुवातीला एका दिवसात तीन प्रदर्शनं उरकायचा मोह टाळा. एक काम, एक तास, एवढंच ठरवा.

शोधायचं कुठे? संग्रहालयांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'सहभागी', 'संवादी', 'ध्वनी', 'प्रकाश' असे शब्द दिसले की थांबा. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनंही बघा. तिथे विद्यार्थी स्वतः शेजारी उभे असतात आणि 'हे कसं चालतं?' असं विचारलं की मनापासून उघडून दाखवतात. मांडणशिल्प आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र बघायला मिळणारे काही महोत्सव जगभर नावाजलेले आहेत: ऑस्ट्रियातल्या लिन्झचा आर्स इलेक्ट्रॉनिका (१९७९ पासून), बार्सिलोनाचा सोनार (१९९४ पासून), माँट्रियलचा म्यूटेक (२००० पासून). तिथे जाणं जमलं नाही तरी त्यांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका वाचा. त्यातलं एकेक नाव शोधून ऐकत गेलं तर वर्षभराचा अभ्यासक्रम फुकट तयार होतो.

जाताना अंगावर सैल कपडे, पायात चटकन काढता येणारी पादत्राणं. जमीन आरशाची असेल, जाळ्यावर चढायचं असेल, तर कपड्यांचा विचार आधी करा. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा, कारण अशा खोल्या गर्दीत अगदी वेगळ्या वागतात. लुकलुकणाऱ्या प्रकाशाची सूचना दारावर लावलेली असेल तर ती गंभीरपणे घ्या. फेफऱ्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी आत काय आहे ते तिथल्या मदतनीसांना विचारूनच पाऊल टाकावं.

पायरी दुसरी: खोलीचा नियम शोधून काढा

मला सगळ्यात आवडणारा भाग हा. खेळकर मांडणशिल्पामागे बहुतेक वेळा एक साधा नियम असतो. तो भिंतीवरच्या पाटीवर वाचण्याआधी स्वतः शोधा. पाटी पळून जात नाही, पण ती एकदा वाचली की शोधण्याची मजा परत मिळत नाही.

पहिली पाच मिनिटं फोन खिशातच ठेवा आणि स्थिर उभे राहा. तुम्ही हलत नसताना खोली काय करते ते बघा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: या खोलीला माझ्याबद्दल काय कळतं आहे? तिला माझं वजन कळतं का, माझा आवाज, माझी सावली, की माझं नुसतं असणं? जमिनीखाली दाब ओळखणारे सेन्सर असतील तर पाय टेकवल्यावर काहीतरी घडेल. मायक्रोफोन असेल तर टाळी वाजवल्यावर. कॅमेरा असेल तर हालचालीच्या वेगावर बरंच अवलंबून असेल.

रँडम इंटरनॅशनल या कलाकारगटाची 'रेन रूम' २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये उभी राहिली, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेली. आत मुसळधार पाऊस कोसळत असतो. तुम्ही आत चालता आणि तुमच्या भोवती पाऊस थांबतो, कारण वरचे कॅमेरे तुमची जागा ओळखून तेवढ्याच नळ्या बंद करतात. इथला नियम हळू चालणाऱ्याला सापडतो. धावत सुटलेल्याला यंत्र गाठू शकत नाही आणि तो भिजतो. काळे किंवा चमकदार कपडेही कॅमेऱ्याला नीट ओळखता येत नाहीत. म्हणजे खोली तुम्हाला शिकवते की तुमचा वेग हेच तुमच्या हातातलं वाद्य आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे संगीताशी बोलताना ती कामाला येणार आहे.

काही कामांत तंत्रज्ञान जवळजवळ नसतंच. यायोई कुसामा यांनी २००२ मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड आर्ट गॅलरीत मुलांसाठी एक पांढरीशुभ्र खोली केली. भिंती पांढऱ्या, टेबल पांढरं, खुर्च्या पांढऱ्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात रंगीत गोल टिकल्यांचा कागद, आणि त्या कुठेही चिकटवायची मुभा. काही आठवड्यांत ती खोली ठिपक्यांखाली बुडून जाते. इथे नियम शोधावा लागत नाही, पण एक निर्णय घ्यावा लागतो: टिकली मोकळ्या जागी लावायची की गर्दीत? लोक हा निर्णय घेताना किती वेळ थांबतात ते बघत राहा.

मार्टिन क्रीड यांचं १९९८ चं काम तर एका गणितावर उभं आहे. खोलीतल्या हवेचं आकारमान मोजायचं आणि बरोबर अर्धी हवा फुग्यांत भरून ते फुगे त्याच खोलीत सोडायचे. हवा तेवढीच, पण आता ती हाताला लागते, ढकलावी लागते, अंगावर येते. वेनेझुएलाचे हेसूस राफाएल सोतो यांनी १९६७ पासून असंख्य लोंबत्या दोऱ्यांचे घन उभे केले, ज्यांच्या आत शिरून चालायचं. दोऱ्यांतून चालणाऱ्या माणसाच्या कडा पुसट होतात, हे बाहेरून बघितल्यावरच कळतं. म्हणून अशी कामं नेहमी दोनदा बघावीत, एकदा आतून आणि एकदा दुसऱ्याला आत पाठवून.

कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे ओळखणं नवख्यांना अवघड जातं. सोपा उपाय: मदतनीसांना विचारा. ते दिवसभर तिथे असतात, आणि खोलीच्या खोड्या त्यांना कलाकारापेक्षाही जास्त माहीत असतात. दुसरा उपाय म्हणजे मुलांवर नजर ठेवा. मुलं नियम शोधतातच, आणि तो सापडल्यावर तो कुठे मोडतो हेही तपासून पाहतात.

पायरी तिसरी: आता खोली कानाने चाला

पुढची भेट आवाजाच्या कामासाठी ठेवा. सुरुवातीला माझी पहिली शिफारस जॅनेट कार्डिफ यांचं २००१ चं 'द फॉर्टी पार्ट मोटेट', कारण त्यात संगीत जुनं आहे आणि ऐकण्याची पद्धत नवी. सोळाव्या शतकातल्या टॉमस टॅलिस यांची चाळीस आवाजांची एक रचना आहे. कार्डिफ यांनी प्रत्येक गायकाचा आवाज वेगळा मुद्रित केला आणि लंबगोलात मांडलेल्या चाळीस स्पीकरमधून एकेक आवाज सोडला. मध्यभागी बसलात तर समूहगान. उठून एखाद्या स्पीकरपाशी कान नेलात तर एकच माणूस, त्याचा श्वास, त्याची थोडीशी चूकसुद्धा. चक्र सुमारे चौदा मिनिटांचं आहे, त्यातली अकरा गाण्याची. गाणं संपलं की बरेच लोक निघून जातात. तुम्ही थांबा. उरलेल्या तीन मिनिटांत गायक खाकरतात, आपापसांत बोलतात, आणि हे आवाज खरी माणसं होतात.

नंतर याच्या दुसऱ्या टोकाला जा: ज्यात गाणं नाही, शब्द नाहीत, फक्त स्वर आहे. ला माँट यंग आणि मारियन झझीला यांचं 'ड्रीम हाऊस' न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३ पासून आहे. किरमिजी प्रकाशातली खोली, बूट बाहेर काढायचे, आणि आत इलेक्ट्रॉनिक स्वरांचा न थांबणारा गुंजारव. हे दोघंही किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य, त्यामुळे तानपुऱ्याच्या दोन तारांमध्ये कान घालून बसलेल्या माणसाला ही खोली परकी वाटणार नाही. पहिल्या मिनिटाला वाटतं की इथे काहीच घडत नाही. मग तुम्ही मान वळवता आणि आख्खा स्वरसमूह बदलतो. मान थांबली की बदल थांबतो.

यात जादू नाही, भौतिकशास्त्र आहे, आणि ते समजल्यावर आनंद वाढतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनं होणाऱ्या, स्वराची लाट त्यामुळे जवळपास साडेतीन मीटर लांब असते. ती भिंतीवर आपटून परतते, जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात, आणि खोलीत काही जागा मोठ्या आवाजाच्या, काही जवळजवळ मुक्या होतात. या दोन जागांमधलं अंतर लाटेच्या चौथ्या भागाएवढं, म्हणजे इथे सुमारे ८५ सेंटिमीटर: मोठ्या माणसाचं एक पाऊल. १००० हर्ट्झला हेच अंतर साडेआठ सेंटिमीटरवर येतं, तिथे नुसती मान कलली तरी पुरते. म्हणून खर्जाच्या स्वरांत पावलं टाका आणि वरच्या स्वरांत डोकं हलवा.

स्विस कलाकार झिमून यांची कामं या दोन टोकांच्या मध्ये बसतात. साधी पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येकावर आपटत राहणारी एक छोटी मोटर, अशी शेकडो. एकेकटी टकटक, सगळ्या मिळून पाऊस. इलेक्ट्रॉनिक संगीतात 'पोत' हा शब्द पुढे वारंवार कानावर येईल. त्याचा अर्थ त्या खोक्यांसमोर उभं राहून जितका स्पष्ट होतो तितका व्याख्येतून होत नाही.

पायरी चौथी: यंत्राची चार अक्षरं

आता घरी. इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला वादनाचं ज्ञान लागत नाही, पण चार गोष्टी ओळखता आल्या की 'धाड धाड' मागचं घर दिसायला लागतं.

ऑसिलेटर स्वर निर्माण करतो. फिल्टर त्या स्वराचा काही भाग अडवतो: बंद दाराआडून येणारं गाणं घुमल्यासारखं वाटतं आणि दार उघडताच लख्ख होतं, अगदी तसं. एन्व्हलप म्हणजे आवाजाचं जन्मापासून विरण्यापर्यंतचं वळण, ज्यामुळे एकच स्वर टिचकीसारखा किंवा लांब श्वासासारखा ऐकू येतो. आणि सिक्वेन्सर हे सगळं ठरलेल्या पायऱ्यांवर पुन्हा पुन्हा वाजवतो. या पायऱ्या बहुतेक वेळा सोळा असतात. तीनतालाच्या मात्रा बोटांवर मोजायची सवय असेल तर हे चटकन जमतं. फक्त इथे 'खाली' (तालातली टाळी नसलेली जागा) नसते, आणि चार-चार पायऱ्यांवर येणारा खर्जाचा ठोका तुमचा आधार असतो.

ऐकण्याचा सराव असा करा: एकाच तुकड्यात फक्त फिल्टर कधी उघडतो तेवढंच शोधा. दुसऱ्या वेळी फक्त कोणता आवाज नव्याने आत आला ते. नृत्यसंगीतात बदल बरेचदा आठ किंवा सोळा आवर्तनांनी येतात. तो येण्याआधी अंदाज बांधता आला की ओळख झाली म्हणून समजा.

पायरी पाचवी: कोणत्या क्रमाने ऐकावं

संथ टोकापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून केलेल्या संगीतात वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकाच वेळी फिरत ठेवली होती. एक साधारण साडेतेवीस सेकंदांचं, दुसरं जवळपास सव्वीस सेकंदांचं, अशी. लांबी जुळत नसल्याने तेच थोडेसे स्वर दर वेळी नव्या मांडणीत भेटत राहतात. हे संगीत मांडणशिल्पासारखंच आहे: त्यात शिरा, हिंडा, बाहेर या.

नंतर थोडं मागे जा. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओ केंद्रात पिएर शेफर यांनी आगगाडीचे आवाज मुद्रित करून त्यांचीच रचना केली. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफॉनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायर यांनी टेपचे बारीक तुकडे कापून, चिकटवून एका मालिकेचं शीर्षकसंगीत घडवलं, तेव्हा तिथे कळपट्टीचा सिंथेसायझर नव्हता. एकेक स्वर मोजून, हाताने जोडलेला. हे माहीत असलं की 'यांत्रिक' हा शब्द तोंडातून जपून निघतो.

मग ताल. जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आलं आणि टीबी-३०३ पुढच्या वर्षी. ३०३ हे एकट्या वादकाला बासगिटारची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. त्या कामात ते फसलं, १९८४ पर्यंत बंद झालं आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात पडून राहिलं. शिकागोतल्या फ्यूचर या गटाच्या तरुणांनी ते उचललं आणि वाजता वाजता फिल्टरची बटणं पिळत राहिले. त्यातून निघालेल्या चिवट, वळवळत्या आवाजातून १९८७ मध्ये ॲसिड हाऊस हा नृत्यसंगीताचा प्रकार नावारूपाला आला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, चरणजित सिंग यांनी हीच यंत्रं वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. तेव्हा ते फारसं कुणी ऐकलं नाही. आज ते ऐकताना अंगावर काटा येतो. यंत्र काय करू शकतं ते यंत्र काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, खेळणाऱ्यांनी ते शोधलं. रेन रूममध्ये तुम्ही हेच करत होतात.

शिकागोचं हाऊस (साधारण १२० ते १२५ ठोके मिनिटाला) आणि डेट्रॉइटचं टेक्नो (थोडं अधिक वेगवान) एका बैठकीत पाठोपाठ ऐका. पहिल्यात फ्रँकी नकल्स, दुसऱ्यात वॉन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही नावं पुरे आहेत. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, आणि या संगीताचं अर्धं घर तळमजल्यावर आहे.

पायरी सहावी: घरच्या घरी दोन खेळ

पहिला. दोन फोन घ्या. एकावर ७.३ सेकंदांचा एक आवाज मुद्रित करा, दुसऱ्यावर ९.१ सेकंदांचा: गुणगुणलेला स्वर, पेल्यावरची टिचकी, काहीही. दोन्ही पुन्हा पुन्हा वाजत राहतील असं करून खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवा. पहिल्यासारखे दोघं पुन्हा एकदम सुरू व्हायला अकरा मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल. तोवर एकही जुळणी पुन्हा येणार नाही. मध्ये बसा. हे तुमचं पहिलं ध्वनिशिल्प.

दुसरा खेळ अमेरिकन संगीतकार ॲल्विन लुसिए यांच्या १९६९ च्या प्रयोगावरून. एखाद्या खोलीत दोन-तीन वाक्यं बोलून मुद्रित करा. ती त्याच खोलीत स्पीकरवर वाजवून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मुद्रित करा. मग ती नवी प्रत वाजवून पुन्हा. दर फेरीला खोली आपल्या मापाला जुळणारे स्वर उचलून धरते आणि बाकीचे गिळते. दहा-बारा फेऱ्यांत शब्द विरघळतात आणि खोलीचा स्वतःचा सूर उरतो. फरशी बसवलेल्या न्हाणीघरात हे लवकर घडतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आठव्या फेरीला माझा आवाज मलाच ओळखू येईना, आणि तरी बोलण्याची लय जशीच्या तशी होती.

पुढे जायचं असेल तर ऑडॅसिटी, व्हीसीव्ही रॅक आणि प्युअर डेटा ही सॉफ्टवेअरं विनामूल्य मिळतात. व्हीसीव्ही रॅकमध्ये चौथ्या पायरीतले भाग डोळ्यांसमोर मांडलेले दिसतात आणि तारा जोडून आवाज घडवता येतो. पहिल्या दिवशी एक ऑसिलेटर, एक फिल्टर, एवढ्यावरच खेळा.

पायरी सातवी: प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाताना

इअरप्लग न्या. यात तडजोड नको. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले जातात, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि क्लबमध्ये हा आकडा सहज गाठला जातो. फोमचे प्लग वरचे स्वर जास्त दाबतात, वादकांसाठी केलेले प्लग सगळं सारखं कमी करतात, म्हणून ते घेणं चांगलं.

उभं राहायचं ते ध्वनिनियंत्रण करणाऱ्याच्या टेबलाजवळ. आवाज तिथूनच जुळवलेला असतो. स्पीकरला चिकटून कधीच नाही. नाचता येत नाही म्हणून भिंतीला टेकू नका, गुडघे सैल सोडा, खर्ज पायांतून वर येऊ द्या. अर्ध्या तासाने बाहेर येऊन कानांना दहा मिनिटं शांतता द्या आणि परत आत जा. दुसऱ्यांदा आत शिरताना तोच तुकडा वेगळा ऐकू येतो.

पायरी आठवी: पाटी नसलेलं काम शोधा

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, पंचेचाळिसाव्या आणि सेहेचाळिसाव्या रस्त्यांच्या मध्ये, रहदारीच्या एका त्रिकोणी बेटावर लोखंडी जाळी आहे. मॅक्स न्यूहाउस यांनी १९७७ मध्ये तिच्याखाली एक आवाज बसवला, दूर वाजत राहिलेल्या घंटेच्या शेवटच्या कंपासारखा. १९९२ मध्ये तो बंद झाला आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. हे काम कुणाचं आहे हे सांगणारी पाटी त्यांनी मुद्दाम लावली नाही. रोज हजारो लोक त्यावरून चालत जातात.

तुम्ही कुठेही असा, एका दुपारी पंख्याची, विजेच्या खांबाची, बंद शटरमागच्या मोटरची अशी एक जागा शोधा आणि दुसऱ्या पायरीतला प्रश्न तिथे विचारा. मान वळवा, एक पाऊल टाका, थांबा. न्यूहाउस यांच्या जाळीवर पोचलात तर तिथेही हेच करा. दोन पावलं बाजूला झालात की तो आवाज रस्त्यात मिसळून जातो, परत आलात की तुमच्या पायाखाली असतो.